दिसावं सगळं, दिसू नये कुणाला

तात्यांना एखादी वस्तू घेण्यापेक्षा तिची चौकशी करण्यात जास्त गोडी. घरात मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा ते आधी दुरुस्तीवाल्याकडं जाऊन बसले आणि कुठल्या कंपनीची मोटर किती दिवसांनी जळते ते बघून आले. काकी तोवर पाट्यावर वाटत होत्या. नातवाला सायकल घ्यायला गेले, तर दुकानात फ्रेम उलटी करून वेल्डिंगवरून बोट फिरवलं, "हे टाके माझ्या हाताखालच्या पोरानं मारले असते तर त्याला आठवडाभर झाडू मारायला लावला असता," असं मालकाला सुनावलं आणि मोकळ्या हातानं परत आले. सायकल आली तेव्हा नातवाचे गुडघे हँडलला लागत होते.

कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत असा एक तरी माणूस असतोच. त्याला कुणी विचारलेलं नसतं, तरी बोअर कुठं मारावी, स्लॅबला पाणी किती दिवस मारावं, पोरीला कुठल्या शाखेला घालावं हे तो सांगतो. गल्ली त्याला पाठीमागं हसते आणि अडलं की त्याच्याच दारात जाते.

तात्यांची हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली. नुसतं डोळ्यानं बघून ते "हे दोन सूत कमी हाय" म्हणायचे, आणि टेप लावला की दोन सूतच कमी निघायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढी चूक तात्यांच्या हिशोबात माफ नव्हती. निवृत्तीनंतर मंगळवार पेठेतल्या घराच्या भावाभावांत वाटण्या झाल्या आणि वाट्याला आलेल्या पैशांत तात्यांनी कळंब्याला पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. "कळंब्याला ऱ्हायला गेलोय," असं त्यांनी सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "आणि सुटणार कधी?" कारण कळंबा म्हटलं की कोल्हापूरकराला आधी मध्यवर्ती कारागृह आठवतं, फ्लॅट नंतर. खिडकीला गज बसवून घेतल्यावर तर तात्यांनी हा प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही.

पेठेतल्या घराला पडद्याचा प्रश्न कधी पडला नव्हता. दार थेट गल्लीत उघडायचं. दाराला स्प्रिंगच्या तारेवर काकींच्या जुन्या नऊवारीचा पडदा. तो कुणी निवडला नव्हता, मोजला नव्हता. लुगडं विटलं आणि पडदा झाला. त्याच्याआडून तात्यांना कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं पोरगं निकाल लागल्यावर मागच्या बोळातनं घरात शिरलं, फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम हरल्यावर कुणी जेवण टाकलं, सगळं कळायचं. गल्लीलाही तात्यांचं सगळं कळायचं. येणारा-जाणारा पडदा बाजूला सारून डोकं आत घालायचा, "तात्या, जेवला का?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचा.

फ्लॅटमध्ये दार बंद आणि हॉलला सहा फुटी सरकती खिडकी, तोंड पश्चिमेला. चार वाजले की ऊन टीव्हीवर. काकींची मालिका ऐन रंगात आलेली असताना पडद्यावर सासूसून दोघी पांढऱ्याफटक. रस्त्यापलीकडं तीन मजली इमारत. तिच्या सगळ्या गॅलऱ्या तात्यांच्या हॉलकडं तोंड करून. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "ब्लाइंड्स लावून टाका. पैसे मी पाठवतो."

तात्यांना पैसे पाठवतो म्हटल्याचा राग आला नाही. राग आला तो 'लावून टाका' म्हटल्याचा.

"लावून टाकाय तो काय बल्ब हाय?" फोन ठेवल्यावर ते काकींना म्हणाले. "आधी ऊन कसं येतंय ते बघाय लागंल."

आणि ते ऊन बघायला बसले. फरशीवर खडूनं खुणा केल्या: चार वाजता, साडेचार वाजता, पाच वाजता, शेजारी तारीख. काकी फरशी पुसताना तेवढ्या जागा सोडून पुसायला लागल्या. चार महिन्यांनी हॉल अंगणात पोरींनी आखलेल्या ठिकरीच्या डावासारखा दिसायला लागला आणि तात्यांना शोध लागला की आपल्या घरी किरणोत्सव होतो.

कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. अंबाबाई पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. वाटेत ढग, धूळ किंवा एखादी उंच इमारत आडवी आली नाही तर. तात्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून हिशोब मांडला. 21 डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला. त्याच्या अलीकडं 41 दिवस मोजले की नोव्हेंबरचा किरणोत्सव, पलीकडं तेवढेच मोजले की जानेवारी अखेरचा. जाताना ज्या वाटेनं सूर्य जातो त्याच वाटेनं परततो, म्हणून उत्सव दोनदा. मे-जूनमध्ये तो पन्हाळ्याच्या अंगाला सरकतो आणि किरणं देवळाची वाट सोडतात. हॉलची मात्र सोडत नाहीत. टीव्हीवरनं उठून शोकेसवर जातात एवढंच.

"बघ, देवीच्या वाटेतले अडथळे काढाय माणसं धडपडत्यात," तात्या म्हणाले, "आन् आपण पैसे देऊन अडथळा आणायचा."

"देवीला वर्षातनं सहा दिवस," काकी म्हणाल्या. "आमच्या टीव्हीला रोज."

मग तात्या राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. मला बरोबर घेतलं, कारण अशा कामाला साक्षीदार लागतो. दुकानदार तरुण, नम्र. त्यानं कॅटलॉग उघडला आणि एकेक प्रकार दाखवायला लागला. तात्या एकेकाचा निकाल देत गेले.

व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे. "हे बँकेत बघितल्यात. ह्याच्यामागं साहेब बसतो आन् बाहेरचा शिपाई सांगतो, जेवाय गेल्यात म्हणून. पुढं."

व्हेनिशियन, आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे. दोरी ओढली की पट्ट्या कलतात. हवा तेवढा उजेड घ्या, बाकीचा छताकडं पाठवा. इथं तात्या रेंगाळले. पट्टीचा कोन बदलता येतो ही गोष्ट लेथवाल्याला पटली. पण काकींनी घरून निघताना एकच प्रश्न बांधून दिला होता, "पुसणार कोण?" तात्यांनी नमुन्यावरच्या पट्ट्या मोजल्या, त्याला सहा फुटांचा हिशोब लावला आणि गप्पच पुढचं पान उलटलं. लाकडी पट्ट्यांचे होते, ते दिसायला भारी. "पावसाळ्यात आमच्या देवघराचं दार फुगतंय, ते दसऱ्याला उघडतंय. आता खिडकी पण तसलीच?"

रोमन, कापडाचे, वर ओढले की घड्या पडत जातात. "ह्या घड्यांत चिमणी घर करंल." बांबूचे चिक स्वस्त, पण कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर म्हणजे दोरीवरची बनियन चार दिवस वाळत नाही, चिकाला बुरशी धरायला जुलै उजाडावा लागत नाही. झेब्रा सध्या जोरात चालतात. त्यांत जाळीदार आणि जाड असे आळीपाळीनं पट्टे असलेलं दुपदरी कापड असतं. जाळीसमोर जाळी आली की उजेड, जाळीसमोर जाड आलं की अंधार. तात्यांनी साखळी ओढून दहा वेळा उजेड-अंधार केला आणि विचारलं, "एवढे पट्टे? रस्ता ओलांडायचाय का?"

दुकानदारानं हसत हसत एक वाक्य टाकलं, जे टाकायला नको होतं. "तात्या, आपल्या कोल्हापुरात हे पडदे तसे नवीनच आहेत."

"नवीन?" तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. "अरे मर्दा, पडद्यातलं कोल्हापूरला सांगतोस? बाबूराव आन् आनंदराव पेंटर ह्या जोडीनं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. महाल नुसता रंगवलेला, पण माणसाला वाटायचं आत जाऊन बसावं. मग बाबूरावांनी कॅमेरा बनवला. इथं. आपल्या गावात. 1920 ला 'सैरंध्री' काढला त्यानं. रंगवलेला पडदा झाला, रुपेरी पडदा झाला, आन् तू मला साखळीचा पडदा नवीन म्हणून दाखवतोस."

दुकानदारानं चहा मागवला. चहा मागवण्यात तो चुकला असं मला वाटलं नाही. तात्यांना अडवायला दुसरा उपाय नव्हता. चहाबरोबर त्यानं शहाणपणाचा प्रश्न केला, "तात्या, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "बाहेरचं सगळं आपल्याला दिसावं. आन् बाहेरच्याला आपण दिसू नये."

एवढी साधी मागणी. राजेरजवाड्यांपासून गुप्तहेर खात्यापर्यंत सगळ्यांची हीच होती. दुकानदारानं सनस्क्रीन कापडाचा रोलर काढला. बारीक विणीचं कापड, विणीत किती टक्के मोकळी जागा त्यावर त्याचे नंबर: एक टक्का, तीन, पाच, दहा. टक्का वाढेल तसं बाहेरचं स्पष्ट दिसतं आणि ऊनही जास्त येतं. तात्या पाच टक्क्यांच्या तुकड्यातून राजारामपुरीचा रस्ता बघत उभे राहिले. रिक्षा दिसत होत्या, माणसं दिसत होती, समोरच्या दुकानातल्या पोराचं मोबाइलवरचं खेळणंसुद्धा दिसत होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"पण हे दिवसा," दुकानदार प्रामाणिक निघाला. "जिकडं उजेड जास्त, तिकडचं दिसतं. रात्री घरात दिवा लागला की उलटं होतं. तुम्हाला बाहेरचं दिसणार नाही, बाहेरच्यांना तुम्ही दिसाल."

"मग रात्री आम्ही अंधारात बसायचं?"

"बसलात तर दिसणार नाही."

हे ऐकीव ज्ञान तात्यांना चालणारं नव्हतं. कापडाचा नमुना घरी आणला गेला, गजाला बांधला गेला आणि रात्री आठला प्रयोग ठरला. कुणीतरी खाली रस्त्यावर उभं राहून बघायला हवं होतं. "मी जाणार न्हाई, माझा गुडघा दुखतोय. तुम्ही जावा, मी हितं बसतो," असं काकींनी सांगितलं. तात्या खाली उतरले आणि मोबाइलवरून सूचना द्यायला लागले. "उभी ऱ्हा. आता हात वर कर. दोन्ही. आता डावीकडं सरक. दिसत्यात गं, बोटं पण दिसत्यात!" रस्त्यावर उभा राहून एखादा म्हातारा पहिल्या मजल्याकडं बघत ओरडतो म्हटल्यावर कोल्हापुरात गर्दी जमायला किती वेळ लागणार? समोरच्या गॅलऱ्या भरल्या. काकींनी वैतागून लाटणं उगारलं, ते कापडावर चांगलं ठसठशीत उमटलं आणि पलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेंटर बंधूंच्या गावाला शोभेल असा पडदा झाला होता.

त्यानंतर तात्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सल्लामसलतीला गेले. तिथं म्हशीचं धारोष्ण दूध आणि सल्ला दोन्ही ताजं मिळतं. इचलकरंजीच्या पाहुण्यांचं मत पडलं की कापड आपल्याकडनं मीटरवर घ्या, शिवून टाका, दुकानदाराच्या नादाला लागू नका. जुन्या पैलवान मित्राचं मत पडलं की ज्यानं खासबागेच्या मैदानात लांग बांधून कुस्ती केली त्यानं पडदा कशाला लावावा. तात्यांना दोन्ही मतं आवडली आणि कामाचं एकही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात एक वेगळंच आलं होतं. काचेतून ऊन आत आल्यावर त्याला आतल्या पडद्यानं अडवणं म्हणजे चोर माजघरात आल्यावर दार लावणं. उष्णता काचेच्या बाहेरच थोपवली पाहिजे. तेव्हा खिडकीबाहेर वाळ्याचा पडदा सोडायचा, त्यावर पाणी मारायचं. विचार अगदी बरोबर होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो ऐकून घेतला आणि सांगितलं की इमारतीच्या दर्शनी भागाला काही लटकवायचं नाही, शिवाय ते पाणी खालच्या पार्किंगमध्ये त्यांच्याच गाडीवर पडेल.

अखेर दुकानाचा पोरगा माप घ्यायला आला. तात्या खिशात व्हर्नियर घालून तयार. पोरानं टेप काढली, खिडकीच्या चौकटीची रुंदी वर घेतली, मधे घेतली, खाली घेतली. वर सहा फुटाला दोन सूत कमी, मधे तीन सूत कमी, खाली बरोबर सहा फूट. त्यानं मधलं, सगळ्यांत कमी माप लिहिलं. चौकटीच्या आत बसवायचं तर सगळ्यांत कमी माप धरायचं, नाहीतर नळी अडकते. तात्या बघतच राहिले. "तुझा वस्ताद कोण रे?" त्यांनी आदरानं विचारलं. मग स्वतः व्हर्नियर लावून चौकटीची खोली तपासली, कोनाकोनी मापं घेतली आणि कपाटातनं ओळंबा काढला. भिंत बाहेरच्या बाजूला कलली होती.

ब्लाइंड राहिलं बाजूला. पुढचा आठवडाभर तात्या ओळंबा घेऊन इमारतभर फिरले. दुसऱ्या मजल्यावरची भिंत अर्धा इंच, जिना पाऊण इंच, सेक्रेटरींच्या हॉलचा कोपरा तर सांगण्यासारखाच नव्हता. पडणार कुठलीच नव्हती, पण ज्यांना तोवर गाढ झोप लागायची ते रात्री उठून भिंतीला हात लावून बघायला लागले. सेक्रेटरींनी घरी येऊन हात जोडले, "तात्या, तुम्ही पडदे घ्या बघू आधी."

निवड शेवटी काकींनी केली आणि ती चहा निवायच्या आत केली. एकाच ब्रॅकेटवर दोन रोलर: पुढचा सनस्क्रीन, मागचा पूर्ण अंधार करणारा. पैसे जवळजवळ दुप्पट. "दिवसा हे वढायचं, रात्री ते," काकी म्हणाल्या. "रंग मळखाऊ. साखळी वर भिंतीला क्लिपनं अडकवा, दिवाळीला नातू येतो, लोंबत ठेवायची न्हाई." एवढं बोलून त्या भाजी आणायला गेल्या. तात्यांच्या खडूच्या खुणा त्याच संध्याकाळी पुसल्या गेल्या.

ब्लाइंड लागलं. तात्यांना जे पाहिजे होतं ते हुबेहूब मिळालं. खुर्ची टाकून ते आत बसले. रस्ता सगळा दिसत होता, आणि रस्त्याला ते दिसत नव्हते. पहिल्या दिवशी ते आनंदात होते. खाली पोरं फुटबॉल खेळत होती. "अरे डावीकडं दे की, मर्दा!" तात्या ओरडले. पोरं थांबली, वर बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज कुठनं आला ते न कळल्यानं खेळ हलवून पलीकडच्या गल्लीत गेली. भाजीवाली आली, दूधवाला आला, पेठेतला जुना ओळखीचा स्कूटरवरून गेला. तात्यांनी सगळ्यांना बघितलं. एकानंही मान वर केली नाही. चौथ्या दिवशी तात्या जेवण झाल्यावर गप्प बसून राहिले.

"काय झालं?" काकींनी विचारलं.

"कुणी वर बघतच न्हाई गं."

"म्हणून तर लावलाय न्हवं?"

पाचव्या दिवसापासून ब्लाइंड खालून वीतभर उचललेलं दिसायला लागलं. हवा यावी म्हणून, असं तात्या सांगतात. मग वीतभराचं हातभर झालं. रस्त्यावरून आता तात्यांचे पाय, पायजमा आणि 'पुढारी'चं खालचं अर्धं पान दिसतं. तेवढं पुरतं. दूधवाला त्या पायांकडं बघून विचारतो, "तात्या, जेवला का?"

पण पुढं एक अघटित घडलं. समोरच्या इमारतीनं पडदे लावायला सुरुवात केली. त्या लाटण्याच्या प्रयोगानंतर तिथल्या बायकांच्या लक्षात आलं होतं की जसं आपल्याला तात्यांच्या घरातलं दिसतं, तसं तात्यांनाही आपलं दिसत असणार. दुसऱ्या मजल्यावर झेब्रा आले, तिसऱ्यावर जाड कापडाचे पडदे. तात्या दुखावले. "एवढं काय लपवायचंय त्यांना?" ते मला म्हणाले. "आम्ही काय बघत बसलोय का?" हे ते खुर्चीत बसून, पाच टक्के सनस्क्रीनमधून समोर बघत म्हणाले.

त्यांचा हा राग फार टिकला नाही. पलीकडच्या पहिल्या मजल्यावरची वहिनी एक दिवस दार वाजवून आली. दुकानाच्या पोरानं माप घेतलंय, पण बरोबर घेतलंय का ते तात्या बघून देतील का? तात्यांनी चप्पल घातली, व्हर्नियर घेतला, ओळंबा घेतला. एका खिडकीला दोन तास लागले आणि तीन चहा झाले. मग त्यांच्या शेजारणीनं बोलावलं, मग वरच्या मजल्यानं. कुणाची बेडरूम कुठं, कुणाच्या सासूची खाट कुठल्या खिडकीला, कुणाच्या घरात अजून वाटण्यांवरून अबोला आहे, कुणाचं पोरगं परीक्षेत काय करून बसलंय, हे महिन्याभरात तात्यांना पाठ झालं. दुकानदारानं एकदा कमिशनचं सुचवलं, तर तात्यांनी त्याला दुकानाबाहेर उभं राहून ऐकू जाईल एवढ्या आवाजात नाही म्हटलं. आता रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून त्यांना हाका येतात आणि ते उत्तर द्यायला थांबत थांबत अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचतात.

काकींना मी विचारलं, कसं चाललंय तात्यांचं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्या बिल्डिंगीनं पडदे लावले ते ह्यांच्यापासनं. आन् मापं घ्यायला बोलावतात ते ह्यांनाच."